लोकरीचा तळवा

मी एक जुना, जाडजूड, वापरून वापरून जरासा वाकडा झालेला मिट आहे. मित्रांनो, मिट म्हणजे बेसबॉलच्या कॅचरचा चामडी पंजा. बेसबॉलमध्ये एकजण चेंडू फेकते, तिला पिचर म्हणतात. एकजण बॅट घेऊन उभी राहते आणि तिच्या पाठीमागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी ती कॅचर. बॅटवाली चेंडू मारून पळते, आणि तीन बेसच्या खुणा गाठत जिथून निघाली त्या घरी, म्हणजे कॅचरच्या पुढ्यात, परत आली की एक धाव. बाकीच्या खेळाडूंच्या ग्लोव्हजना बोटं असतात, मला नाहीत. मी बाजरीच्या भाकरीसारखा गोल आणि उशीसारखा भरलेला. चेंडू माझ्याकडे येतो तो संध्याकाळी वासरू गोठ्यात शिरावं तसा, धूळ उडवत, उधळत. आणि आत आला की गप्प होतो. त्याला गप्प करणं हेच माझं काम.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी उजव्या हातात घालायचा मिट आहे. जगातले बहुतेक लोक उजव्या हाताने फेकतात, म्हणून त्यांचे मिट डाव्या हातात बसतात. माझ्यासारखे फार थोडे.

माझा जन्म मेरठचा. तिथल्या एका कारखान्यात कुणीतरी नमुना म्हणून एकच डावखुऱ्या खेळाडूचा मिट मागितला. कारागिराने नेहमीचा साचा पालथा घातला, चामडं कापलं, आत जाड गादी भरली, वाद्या ओवल्या आणि मला टेबलावर ठेवून तो बराच वेळ पाहत राहिला. त्याला मी आवडलो असेन असं मला अजून वाटतं. पण नमुना कुणी घेतला नाही. बॅटी आणि चेंडूंच्या एका खोक्यात, तळाशी, मी दौंड तालुक्यातल्या एका शाळेत येऊन पोचलो.

तिथल्या खेळाच्या खोलीत माझे दिवस गेले. दरवर्षी नवी मुलं यायची, मला उचलायची, डावा हात आत घालायची. अंगठ्याच्या जागी करंगळी जायची. मग हसू व्हायचं. "हा उलटा हाय रं," म्हणत मला परत फेकायची. पुढे पुढे तर वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मला उंबऱ्यात ठेवायला लागले. एका उंदरानं माझी एक वादी कुरतडली. मी त्यालाही काही म्हटलं नाही. निदान त्याला तरी माझा उपयोग झाला.

मग एके दिवशी प्रगती कोळपे आली.

प्रगती कासुर्डीची. तिच्या घरची माणसं पूर्वी मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची. आता घर बांधून, ऊस-कांदा करून, दारात चार मेंढरं ठेवून राहिली आहेत. पोरगी डावखुरी. घरात तिला घास उजव्या हाताने घ्यायला शिकवलं, हळदीकुंकू उजव्या हाताने लावायला शिकवलं. पण ढेकूळ फेकायला ती डावाच हात वापरायची, आणि मेंढरांची त्याला हरकत नव्हती. तिनं मला दारातून उचललं, धूळ झटकली आणि उजवा हात आत सरकवला. मित्रांनो, करंगळी करंगळीच्या घरात गेली, अंगठा अंगठ्याच्या. इतकी वर्षं मी मिट होतो. त्या दिवशी पहिल्यांदा हात झालो.

शाळेचे सामने, तालुक्याचे, जिल्ह्याचे. प्रगती बसायची आणि मी झेलायचो. शाळा सुटली तेव्हा खेळाच्या बाईंनी मला तिच्या पिशवीत घालून दिलं. म्हणाल्या, हा दुसऱ्या कुणाच्या हातात बसणार नाही, तूच ने.

आणि मग तो हंगाम आला. तुम्ही ऐकलं असेल, नसेल. राज्यात पहिल्यांदाच मुलींचा व्यावसायिक बेसबॉल हंगाम ठरला. गावोगावचे संघ, अंगावर नाव छापलेले कपडे, आणि खेळण्याचा पगार. आपल्या भागाचा संघ शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांचा मिळून झाला. नाव ठेवलं भीमाथडी. केडगावजवळ एक मैदान सपाट केलं. त्याच्या एका अंगाला रेल्वे आणि दुसऱ्या अंगाला उभा ऊस. चेंडू उसात गेला की होमरन, म्हणजे घरापर्यंत सरळ धाव, असा तिथला नियम. ऊन कलल्यावर मात्र तो चेंडू आणायला कुणी जायचं नाही, कारण बिबट्याला बेसबॉलचे नियम माहीत नव्हते.

संघाचे मालक हौसराव आप्पा. सोसायटीत, बाजार समितीत, जिथं तिथं असलेले, मोठ्या आवाजाचे आणि मनानं मोकळे गृहस्थ. निवड चालली होती तेव्हा त्यांनी प्रगतीला पाहिलं आणि प्रशिक्षक सत्यजीत सरांना विचारलं, "आवं सर, ही तर डावरी हाय. आपल्याकडं उजव्या हाताच्या पोरी संपल्या व्हय?"

सत्यजीत सर कमी बोलणारे. त्यांनी प्रगतीला जवळ बोलावून नीट समजावलं. तिसऱ्या बेसवरून धावून येणारी खेळाडू कॅचरच्या डाव्या बाजूने येते. इतरांचा मिट डाव्या हातात असतो, म्हणून तिला बाद करायला चेंडू धरलेला तो हात नुसता पुढे करून तिला टेकवला की झालं. डावखुरीचा मिट उजव्या हातात. तिला सगळं अंग वळवावं लागतं, आणि तेवढ्यात धाव होऊन जाते. म्हणून डावखुऱ्या कॅचर सहसा नसतात. हे काही तिला हिणवायला सांगत नव्हते. खरंच होतं ते.

"मी वळंन की सर," प्रगती म्हणाली.

"किती वेळा वळशील?"

"ती जितक्यांदा येईल तितक्यांदा."

सरांनी तिला लगेच घेतलं नाही. पण त्यांच्याकडे सुलक्षणा होती. कोरेगाव भीमाची पिचर सुलक्षणा, उंच, तापट, हायवेवर वडिलांचं टायरचं दुकान. तिच्या हातातून सुटलेला चेंडू सरळ येतोय असं वाटायचं आणि अगदी शेवटी, बॅटीच्या तोंडाशी, झेलणारीच्या उजवीकडे असा वळायचा की वाट चुकलेलं कोकरू एकदम कळपाकडे वळावं. डाव्या हातात मिट घातलेल्या पोरींना तो सापडेना. कुणाच्या खांद्याला लागला, कुणाच्या बगलेतून गेला. प्रगती बसली तेव्हा तो वळला आणि जिथं वळला तिथं मी आधीच उघडा होतो. थाड!

मित्रांनो, तो आवाज तुम्ही ऐकायला हवा होता. नव्या हलगीवर पहिली थाप पडावी तसा. सुलक्षणाचा चेहरा उजळला. "सर, मला हीच पायजे," ती म्हणाली, आणि विषय संपला.

हंगाम संक्रांतीनंतर सुरू झाला. पहिल्या सामन्याला माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरून आली. कुणालाच खेळ माहीत नव्हता. एक म्हातारबुवा सारखे विचारत होते, की दांड्या कुठं रोवल्यात. बॅट टाकून पळणाऱ्या पोरीला बघून बायका म्हणाल्या, आगं ती धोपाटणं टाकून का पळाली. भोंग्यावर बोलायला आणले होते संपतराव. त्यांची सगळी हयात कुस्तीच्या फडात गेलेली. ते पिचर आणि बॅटवालीची जोड लावून द्यायचे. कुणी बाद झालं की, "चितपट! चितपट केली पोरीनं!" असं ओरडायचे. खेळ त्यामुळे लोकांना लवकर कळला.

आम्ही काही सामने जिंकलो, काही हरलो. माझं कौतुक झालं. लहान मुली माझ्यावर हात फिरवायला यायच्या. एकदा सुलक्षणानं प्रगतीला विचारलं, की तुला हे उन्हात उकिडवं बसायचं काम का आवडतं, सगळी धूळ तुझ्याच तोंडात जाते. प्रगती मला मांडीवर घेऊन बसली होती.

"बाकीच्या सगळ्याजणी माझ्याकडं तोंड करून उभ्या असत्यात," ती म्हणाली. "सगळं मैदान एकटीला मलाच दिसतं. माझी आत्या मेंढरांच्या मागनं चालायची, फुडनं न्हाई. म्हणायची, मागनं चाललं की एकबी हरवत न्हाई."

त्या आत्याची ओळख करून द्यायला हवी. नाव धुरपदा. प्रगतीच्या वडिलांची थोरली बहीण. नवरा लवकर गेला, तेव्हापासून भावाकडेच. अर्धं आयुष्य मेंढरांमागे चालण्यात गेलं. अंगानं काटकी, तोंडानं फटकळ, आणि भाचीवर असा जीव की तिच्यापुढे भाकर वाढताना आपल्या ताटातलीच ठेवायची. आत्या जे काही करायची ते दोन्ही हातांनी करायची. माझ्या नशिबी ते यायचं होतं.

हंगामाच्या मध्यावर दोन सामन्यांच्या मधे सुट्टी पडली. प्रगती मला घरी घेऊन आली. उन्हाने माझं चामडं कोरडं पडलं होतं. जेवताना ती सहज म्हणाली, की मिट जरा कडक झालाय. म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी आईबरोबर यवतच्या बाजाराला गेली.

आत्यानं ते मनात धरलं होतं. आता तुम्हीच सांगा, त्यांच्याकडे नवी वहाण आली की काय करतात? तिला तेल पाजतात. तेल पाजल्याशिवाय वहाण पायाला धरत नाही, चावते. आत्यानं साऱ्या आयुष्यात कितीतरी वहाणांना तेल पाजलं होतं, आपल्या, भावाच्या, नवऱ्याच्या. तिनं मला परातीत ठेवलं, करडईच्या तेलाची बरणी आणली आणि ओतली. दोन्ही तळव्यांनी चोळलं, बाळाला न्हाऊ घालावं तसं. मग पालथा केला, पुन्हा ओतलं. दिवसभर मला पत्र्यावर उन्हात ठेवलं आणि मधेमधे येऊन आणखी पाजत राहिली. मित्रांनो, आधी मला फार बरं वाटलं. कोरड्या चामड्याला तेल मिळालं की काय सुख होतं ते तुम्हाला कसं सांगू. पण वहाण आणि मिट यांत फरक आहे. वहाणेच्या पोटात गादी नसते, माझ्या पोटात आहे. तेल चामड्यातून खाली उतरलं, गादीत साचलं, आणि मी आतून जड होत गेलो. मला नको म्हणता येत नव्हतं.

प्रगती आली. तिनं मला उचललं आणि तिचा हात खाली गेला. तेल तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं.

"बघ कसा मऊ झालाय," आत्या म्हणाली. तिच्या तोंडावर इतका आनंद होता. "वहाण असती तर पायात लोणी घातल्यागत वाटलं असतं."

प्रगतीनं माझ्याकडे पाहिलं, मग आत्याकडे. "झ्याक झालाय, आत्या," ती म्हणाली. आणि घरामागे जाऊन, जुन्या लुगड्याचं फडकं घेऊन, ती मला पुसत बसली. पुसलं की पुन्हा पाझरे. पुन्हा पुसलं की पुन्हा.

पुढचा सामना घरचाच होता. हौसराव आप्पांनी पुण्याहून पाहुणे बोलावले होते, मांडव घातला होता, आणि धुरपदा आत्या पहिल्यांदाच सामना बघायला, नवं लुगडं नेसून, पहिल्या रांगेत बसली होती.

सुलक्षणाचा पहिला चेंडू माझ्यात आला आणि मासा निसटावा तसा निसटला. दुसराही. जो मी धरला तो तेलकट होऊन परत गेला. सुलक्षणाच्या बोटांतून घसरला, वळायचा विसरला आणि समोरच्या पोरीनं तो उसात पाठवला. पंचांनी चेंडू बदलला, तोही माखला. माझ्यातून सुटलेल्या चेंडूमागे प्रगती धावायची आणि तेवढ्यात त्यांच्या पोरी एकेक बेस पुढे सरकायच्या. लोकांतून कुणीतरी ओरडलं, "आगं, भजी तळून घे त्यात!" हशा पिकला. भोंग्यावर संपतराव गप्प होते. चितपट आम्हीच झालो होतो, आणि आपल्या पोरींचं ते कसं म्हणणार?

आम्ही वाईट हरलो. माणसं पांगली, तरी आत्या जागची हलली नाही. प्रगती जवळ गेली तेव्हा तिनं विचारलं, "माझ्यामुळं झालं ना गं हे?"

"न्हाई आत्या. आज माझाच हात बसला न्हाई."

"तेल माझ्या बांगड्यास्नी अजून लागल्यालं हाय," आत्या म्हणाली. "आन् तू मला न्हाई म्हणती."

मी दोघींच्या मधे पडलो होतो, खुर्चीवर, आणि माझ्याखाली एक डाग पसरत होता.

सत्यजीत सरांनी राग केला नाही, पण जे करायचं ते केलं. दुसऱ्या मिटसाठी त्यांनी मेरठला, जालंधरला फोन लावले. उजव्या हाताचा कॅचर मिट तयार नव्हता. करून द्यायला हंगाम उलटून जाणार होता. तोवर कॅचरच्या जागी संघातली सोनम बसणार असं त्यांनी सांगितलं. सोनम गुणी पोरगी. पण तिचा मिट डाव्या हातात, आणि सुलक्षणाचा वळता चेंडू तिच्या खांद्यावर आदळायचा. तिनं हात जोडले, बाई, मला तो वळता नको, सरळ टाक. सरळ चेंडू कुणीही मारायचं. भीमाथडी हरत गेली.

प्रगती बाकावर बसायची. बाकावरून मैदान अर्धंच दिसतं. ती ज्या नजरेनं ते अर्धं मैदान बघायची, ती मला बघवत नसे.

शेवटच्या आठवड्यात सर तिच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, "शेवटचा सामना घरचा आहे. मिट दुरुस्त झाला तर तू बस. सुलक्षणाला नीट झेललंस, तर पुढच्या हंगामाला कॅचर म्हणून तुझंच नाव देईन. नाही जमलं तर तुला लांब, उसाच्या कडेला उभं करावं लागेल. आणि मी दुसरी कॅचर शोधीन."

प्रगतीनं मान हलवली. घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा आत्या चुलीपुढे होती. तिनं तवा उतरवला, मला पिशवीत घातलं आणि म्हणाली, चल दौंडला.

दौंड स्टेशनाबाहेर जोडे शिवणारे एक दादा बसतात. त्यांनी माझ्या वाद्या सोडल्या, शिवण उसवली आणि माझं पोट उघडलं. गादी तेलानं कुजून काळी पडली होती. ती त्यांनी नाक मुरडून बाजूला टाकली. म्हणाले, चामडं चांगलं आहे, आधी तेल काढा, मग आत काहीतरी भरून आणा, शिवून देतो. आत्यानं मला घरी आणून गव्हाच्या कोंड्यात पुरलं. कोंडा तेल पीत गेला, ती कोंडा बदलत गेली. चार-दोन दिवसांत मी पुन्हा चामड्यासारखा झालो. पण आतून रिकामा. मित्रांनो, रिकामं असणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. वारा आला तरी मी फडफडत होतो.

आत भरायचं काय? स्पंज दबायचा, कापूस गोळा व्हायचा. प्रगतीनं चिंध्या घालून पाहिल्या. एकाच चेंडूत हात सुजला. मग आत्या उठली आणि पेटीतून तिची घोंगडी काढून आणली.

ही घोंगडी तिच्या स्वतःच्या मेंढरांच्या लोकरीची होती. कोकणात उतरताना, घाट चढून परत येताना, थंडीत, पावसात तीच तिचं घर होती. घरात त्या घोंगडीवर कुणी बसायचं नाही. आत्यानं ती पसरली, हात फिरवला आणि कात्री मागितली.

"आत्या, ही नको," प्रगती म्हणाली.

"तेल मी पाजलं. गादीबी मीच घालनार. तू मधी बोलू नगंस."

"पर तुझी एवढी एकच हाय."

"आन् मला भाची काय धा हाईत?"

कात्री चालली. तळव्याच्या मापाचे तुकडे पडले. वाकळ शिवतात तशी तिनं ती लोकर थरावर थर ठेवून शिवायला घेतली. काठाला दाट टाका, मधे जरा विरळ, म्हणजे चेंडू मधे बसेल. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. प्रगतीचा हात घेऊन, सूज कुठं आहे ते चाचपून, ती तिथं जास्त थर देत होती. शिवता शिवता ती हळूच गुणगुणली. मी ऐकलेली ही पहिली ओवी, आणि ती माझ्यावर होती:

भरारा येतो चेंडू, जसा बाण गं जत्रंचा,
भाचीनं माज्या झेलला, हात मऊ गं लोकरीचा.

दौंडच्या दादांनी ती लोकरीची गादी माझ्यात बसवली आणि नव्या वाद्या ओवल्या. मी पुन्हा भरलेला झालो. सरांनी मला हातात घेऊन दाबून पाहिलं आणि प्रगतीकडे दिलं. "बस," म्हणाले.

सुलक्षणानं चेंडू टाकला. तो वळला. मी धरला. पण थाड झालं नाही. धप झालं, पोत्यावर बुक्की मारावी तसं. लोकरीनं माझा आवाज खाल्ला होता.

सुलक्षणा जागच्या जागी थांबली. तिनं आणखी एक टाकला, जोरात. धप. आणखी जोरात. धप. "माझा चेंडू मेला काय गं?" ती म्हणाली. त्या आवाजावर तिचा सगळा भरवसा होता. आवाज आला की तिला कळायचं चेंडू चांगला पडला. आता ती ताकद लावायला लागली आणि चेंडू कुठेही जायला लागला. मला वाटलं, आता संपलं. मी धरत होतो, पण जिला माझा आधार वाटायला हवा तिलाच तो वाटत नव्हता.

प्रगती उठून तिच्याकडे चालत गेली. मी तिच्या हातात होतो म्हणून ऐकलं.

"आवाजावर जाऊ नगंस," ती म्हणाली. "चेंडू आला की मी मिट तिथंच थांबवंन. हलवनार न्हाई. तू तेवढं बघ. कुठं थांबलाय ते बघ, म्हंजी तुला कळंल."

"आन् त्यानं काय व्हनार?"

"काय व्हनार ते उंद्या कळंल. आज नुस्तं बघ."

मग तसंच सुरू झालं. चेंडू यायचा, मी धरायचो आणि प्रगती मला तिथंच, हवेत, क्षणभर खिळवून ठेवायची. सुलक्षणा बघायची. हळूहळू तिचे खांदे सैल झाले. पूर्वी ती ऐकून फेकायची, आता बघून फेकू लागली. ऊन कललं तेव्हा तिचा चेंडू पुन्हा कोकरासारखा वळत होता, आणि मी मुकाट्यानं त्याला आत घेत होतो.

शेवटचा सामना सांगलीच्या संघाशी. गर्दी कमी होती. हरणाऱ्या संघाला माणसं कमीच येतात. आप्पांनी पाहुणे बोलावले नव्हते. आत्या मात्र होती. आज रोजच्या लुगड्यात, मागच्या रांगेत, पदर तोंडाशी धरून.

सुलक्षणा त्या दिवशी जशी फेकत होती तशी पूर्वी कधी फेकली नसेल. पण सांगलीच्या पोरीही खमक्या. शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेनं पुढे होतो. त्यांच्या दोघी बाद झालेल्या, आणि एक तिसऱ्या बेसवर, पाय शिवशिवत उभी. तिनं घर गाठलं की बरोबरी. आणखी एकीला बाद केलं की आम्ही जिंकलो.

प्रगतीनं मांड्यांच्या मधे बोटांनी खूण केली: वळता चेंडू, खाली. सुलक्षणानं मान हलवली आणि फेकला. चेंडू आला, वळला, इतका खाली की मी जवळजवळ जमिनीला टेकलो. बॅटवालीनं फिरवली ती वाऱ्याला लागली. तिचा तो तिसरा स्ट्राइक, म्हणजे तिसरा हुकलेला चेंडू. मी झेल नीट धरला असेल तर ती तिथंच बाद. आधी जमिनीला लागला असेल तर तिला पळायची मुभा.

मी धरला होता, मित्रांनो. पण आवाज झाला नव्हता, धूळ उडाली होती, आणि पंचांचा हात वर जाईना. बॅटवालीनं ते पाहिलं आणि पळत सुटली. तिसऱ्या बेसवरचीही सुटली, सरळ आमच्या अंगावर.

दुसरी कुणी असती तर पंचांकडे वळून भांडली असती. सुलक्षणा तर ओरडतच होती, धरलाय, धरलाय. प्रगती पंचांकडे बघायला थांबली नाही. ती मागे बसली होती, तिला सगळं मैदान दिसत होतं. पोरगी डावीकडून येत होती आणि मी तिच्या उजव्या हातात. ती गुडघ्यावर गिरकी घेऊन पूर्ण वळली, डावा हात माझ्यावर दाबला आणि मला त्या पोरीच्या वाटेत आडवं धरलं. पोरगी घसरत आली. आदळली. धुळीत काही दिसेना. चेंडू माझ्या आत, लोकरीला बिलगून, तसाच.

पंच वाकले. प्रगतीनं मला उघडून दाखवलं.

पंचांचा हात वर गेला. भोंग्यावर संपतराव काय ओरडले ते मी सांगायला नको. सुलक्षणा धावत येऊन प्रगतीच्या अंगावर पडली, त्यांच्यावर सोनम, तिच्यावर बाकीच्या. मी सगळ्यांत खाली होतो आणि मला अजिबात जड वाटलं नाही.

भीमाथडीला त्या हंगामात करंडक मिळाला नाही. आम्ही तळाजवळच होतो. पण सरांनी त्याच दिवशी मैदानावर सगळ्यांसमोर पुढच्या हंगामाची कॅचर म्हणून प्रगती कोळपेचं नाव सांगितलं. हौसराव आप्पा खाकरले आणि म्हणाले, "सर, अशा डावऱ्या पोरी आणखी कुठं गावत्यात का, तेबी बघून ठिवा." आत्या गर्दीतून वाट काढत आली. तिनं भाचीला जवळ घेतलं नाही, आधी माझ्यात हात घालून गादी चाचपली. टाके शाबूत होते. मग ती रडली.

आता पुढचा हंगाम जवळ आला आहे. माझं चामडं सुरकुतलं आहे, आवाज गेला तो गेलाच. कधीकधी दुसऱ्या संघाच्या मिटचा थाड कानावर येतो आणि जरा वाईट वाटतं. पण मग चेंडू येतो, लोकरीत शिरतो, आणि ते वाईट वाटणं तिथंच थांबतं.

मित्रांनो, तुमच्या वस्तूंना जपा. त्यांना काय हवं ते आधी विचारा, मग द्या. फार प्रेमानं दिलेलंही कधीकधी सोसवत नाही. आणि तुमच्यावर जीव लावणाऱ्या कुणाकडून तुमची एखादी वस्तू बिघडली, तर त्या माणसाला लांब बसवू नका. सुईदोरा त्याच्या हातात द्या आणि त्याच्याजवळ बसा. जे बिघडलं ते पहिल्यासारखं होणार नाही. पण ते पुन्हा कामाला येईल, आणि तो माणूसही.

सकाळ झाली आहे. मैदानावर पाणी मारलंय, मातीचा वास येतोय. प्रगती खाली बसली आहे आणि समोर सुलक्षणा हात झटकून सैल करते आहे. मी उघडतो.